पाचवं प्रकरण कुणी उघडलंच नाही

मी एक प्रबंध बोलतोय. काळ्या रेक्झिनची बांधणी, पाठीवर सोनेरी अक्षरं, तीनशे बारा पानं. वजन विचाराल तर माणसाचं नाक फुटेल एवढं आहे, आणि हे मी अनुभवानं सांगतो.

मला जन्म दिला डॉ. राजेश्वरी हत्तुरे यांनी. विज्ञान आणि सरकारी धोरणं यांचा इतिहास लिहिणाऱ्या बाई. बावीस वर्षांपूर्वी सोलापूरच्या जुन्या गिरण्यांमधल्या बॉयलरवर त्यांनी मला लिहिलं. पाचव्या प्रकरणात त्यांनी एक भयंकर गोष्ट मांडली. सरकारी तपासनीसांऐवजी मालक स्वतःच बॉयलर तपासू लागले, तेव्हा कागदावरचे मृत्यू घटले. पण मेलेले बदली कामगार, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी एका दिवसापुरते घेतलेले, हजेरीपटावर नव्हतेच. हजेरीत नाही तो मेलाही नाही, असा सगळा कारभार. बाईंनी त्यांची नावं शोधली दारवानांच्या वह्यांतून, कारण सकाळी फाटकातून आत कोण गेलं, हे दारवान टिपून ठेवायचा.

पण मार्गदर्शक सर म्हणाले, सारांशात एवढा गुंता नको, ठळक निष्कर्ष द्या. बाईंना पदवीची घाई होती. त्यांनी ठळक लिहिलं, की मालकांच्या तपासणीच्या काळात मृत्यू घटले. बस्स, एवढंच.

विद्वान मंडळी शितावरून भाताची परीक्षा करतात. एकानं सारांश वाचून माझा दाखला दिला, दुसऱ्यानं त्याच्या लेखातून तो उचलला, तिसऱ्यानं दुसऱ्याच्या. माझं नाव परदेशात गेलं. बाईंना परिषदांत शाली मिळाल्या. शेवटी एका समितीनं माझ्याच जोरावर सुचवलं, की लहान कारखानदारांनी आपापले बॉयलर आपणच तपासावेत, आणि तसा नियमही झाला. बाईंना चूक कळत होती, पण त्या गप्प बसल्या. मलाही मिरवायला आवडत होतं, खोटं कशाला बोलू?

गेल्या चैत्रात चिंचोळी एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात बॉयलर फुटला. छताचे पत्रे उडून रस्त्यात पडले. भिमा नावाचा ठेकेदाराकडचा चोवीस वर्षांचा कामगार वाफेत होरपळून मेला. उचलताना त्याची कातडी बनियनसकट सुटून आली. चिडलेल्या कामगारांना मालक सापडला नाही, म्हणून त्यांनी वॉचमन संगप्पाचं डोकं फोडलं. गरिबाचा राग गरिबावरच निघतो. चौकशीत कारखान्यानं सांगितलं, की तपासणी नियमानं आम्हीच केली होती, आणि भिमा आमच्या हजेरीत नाही, चोरी करायला शिरला असेल. पुरावा म्हणून वकिलानं माझा सारांश जोडला.

चौकशीत बाईंचं नाव ऐकून तिसऱ्या दिवशी भिमाची आई शिवम्मा अक्कलकोटहून बाईंच्या दारात आली. ते पुस्तक कुठलं, एवढंच तिनं विचारलं. बाईंनी मला कपाटातून काढून स्वतःच तिच्या हातात दिलं. तिनं मला दोन्ही हातांनी उचललं आणि बाईंच्या तोंडावर हाणलं. एकदा, दोनदा, तीनदा. माझी शिवण उसवली, बाईंचं नाक फुटलं, रक्त माझ्या पानांत झिरपलं.

“हजेरीत न्हाई म्हनत्यात,” शिवम्मा धापा टाकत म्हणाली. “मग वाफंत शिजला त्यो कोन हुता?”

बाईंनी पोलीस बोलावले नाहीत. फरशीवर बसूनच त्यांनी माझं पाचवं प्रकरण उघडलं आणि त्या हमसून हमसून रडल्या. मग त्यांनी विचारलं, त्या दिवशी फाटकावर कोण होतं?

दोघी मला घेऊन संगप्पाच्या घरी गेल्या. त्याच्या डोक्याला अकरा टाके होते. मारणारे भिमाचेच सोबती होते. त्यानं दार लावून घेतलं असतं तरी चाललं असतं. पण मालकाची माणसं दोनदा मागून गेलेली फाटकावरची वही त्यानं पिठाच्या डब्यातून काढून दिली. त्या सकाळच्या पानावर भिमाची सही होती.

चौकशी अधिकाऱ्यांनी वही पाहिली आणि मृताच्या रकान्यात भिमाचं नाव लिहिलं. वकील हसून म्हणाला, “म्हणजे मॅडम, तुमचा सारांश खोटा?”

“आमच्यात अशा वेळी अपुरा म्हणतात,” बाई म्हणाल्या. “पण तो खोटा होता. मला माहीत होतं.”

बावीस वर्षांची अब्रू एका वाक्यात गेली. मला लाज वाटली, आणि खरं सांगतो, हायसंही वाटलं. आता शिवम्मा हात जोडेल असं मला वाटलं होतं. तिनं कागदावर बोट ठेवलं.

“पोराचं नाव लिवलं, बरं केलंसा सायेब,” ती म्हणाली. “आता कुनामुळं मेला, तितं या बाईंचं बी लिवा की.”

साहेब घुटमळले. बाईंनीच त्यांच्या हातातलं पेन घेतलं आणि मालकाच्या नावाखाली आपलं पूर्ण नाव लिहिलं, मागं डॉक्टर न लावता.

आता मी पुरावा म्हणून जमा होऊन एका सरकारी कपाटात फायलींखाली पडून आहे. बाईंना कुठून बोलावणी येत नाहीत. माझे दाखले मात्र अजून दिले जातात, तेही सारांशाचेच. माझं नाव घेणाऱ्यांनो, पाचव्या प्रकरणात भिमासारखी अडतीस माणसं आहेत. त्यांच्यासाठी कुणाची आई माझ्यापर्यंत पोचली नाही. त्यांची नावं एकदा मोठ्यानं वाचा. मग मला फाडा, जाळा, काय हवं ते करा.