मिशीवाला चेहरा

ऋचाने लोणावळ्यातल्या आपल्या फोटो स्टुडिओचं शटर पुरतं वर केलंही नव्हतं, तोच वरद वाकून आत शिरला. अंगावर कालचेच कपडे होते, दाढी वाढलेली.

"नाना सापडले?" तिने विचारलं.

"नाही. पण हे बघ." त्याने मोबाइल पुढे केला.

नाना म्हणजे त्याचे वडील, दिगंबर. रेल्वेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती आणि अलीकडे त्यांना विसरायला होत होतं. आधी शेजाऱ्यांची नावं गेली, मग घराचा रस्ता. काल सकाळी सरोजिनीबाई अंघोळीला गेल्या आणि तेवढ्या वेळात नाना दाराची कडी काढून बाहेर पडले. स्टेशन, बाजार, दवाखाने सगळं पालथं घालून झालं. पोलिसांत तक्रार दिली. रात्र सरली तरी पत्ता नव्हता.

मोबाइलवर कार्ला फाट्यावरच्या एका हॉटेलच्या कॅमेऱ्याची क्लिप होती. उभ्या गाड्यांच्या पलीकडून नाना चाललेले दिसत होते. त्यांची उंची आणि पांढरा शर्ट दुरूनही ओळखू येत होता. त्यांचा हात धरून कोणीतरी त्यांना नेत होतं. चौकड्यांचा शर्ट, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. कमरेखालचं गाड्यांमुळे दिसत नव्हतं आणि चेहरा म्हणजे नुसता करडा डाग.

"ह्याचा चेहरा काढून दे मला," वरद म्हणाला.

ऋचाला नाही म्हणणं जमलं नसतं. सरोजिनीबाई शाळेत तिच्या वर्गशिक्षिका होत्या. आणि खरं सांगायचं तर हे काम तिला येत होतं. वडिलांच्या पश्चात स्टुडिओ तिने चालवला तो जुन्या फोटोंवरच. ओल लागलेले, दुमडलेले, पुसट झालेले फोटो ती एआयच्या सॉफ्टवेअरमध्ये घालायची आणि कुणाची आजी, कुणाचा गेलेला भाऊ लख्ख होऊन समोर यायचा. माणसं तिच्या दुकानात उभी राहून रडायची. तिला ते आवडायचं.

तिने क्लिपमधलं एक दृश्य थांबवलं, डोक्याचा भाग कापून घेतला आणि सॉफ्टवेअर चालवलं. पडद्यावरचा डाग थरथरला, गोळा झाला आणि त्यातून एक माणूस वर आला. चाळिशीचा, खोल डोळ्यांचा, बारीक मिशी. गालावरचे खड्डेसुद्धा मोजता आले असते.

"हाच," वरद म्हणाला. त्याने त्या माणसाला आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं, तरी म्हणाला.

"वरददादा, हे थोडं अंदाजाने भरतं हं."

"थोडं म्हणजे?"

"म्हणजे... थोडंच."

त्याने फोटो स्वतःच्या मोबाइलवर घेतला आणि तिथेच उभ्या उभ्या पाठवायला सुरुवात केली. 'माझ्या वडिलांना ही व्यक्ती घेऊन गेली आहे, दिसल्यास संपर्क करा,' असं त्याने लिहिलं. दुपार व्हायच्या आत तोच फोटो ऋचाकडे तिच्या भाजीवालीच्या ग्रुपवरून आला, तेव्हा खालची ओळ बदललेली होती. 'म्हाताऱ्या माणसांना पळवणारी टोळी. दिसल्यास सोडू नका.'

ती वरदला फोन लावणार होती. पण तेवढ्यात सरोजिनीबाईंचा फोन आला. आवाज बसलेला होता. "ऋचा, पोलिसांना द्यायला त्या फोटोची मोठी प्रिंट काढशील का गं?"

सकाळची फाइल मोठ्या प्रिंटला पुरली नसती, म्हणून तिने तोच डाग पुन्हा सॉफ्टवेअरमध्ये घातला.

ह्या वेळी दुसराच माणूस आला. पंचविशीतला, रुंद नाकाचा, मिशी नाही.

आपण चुकून वेगळं दृश्य घेतलं असेल, असं तिला वाटलं. तपासलं. तेच होतं. तिने तिसऱ्यांदा चालवलं. मिशी परत आली, पण माणूस साठीचा, गाल बसलेले. तिघेही सारखेच लख्ख होते. तिघांच्याही डोळ्यांत उजेड होता.

तिने वरदला फोन लावला. पलीकडे गाडीचा आवाज होता.

"ओळख पटली!" तो ओरडूनच बोलत होता. "तिकोणा पेठेतला आहे. तुषार नाव. पवनेच्या काठाला टुरिस्टांचे तंबू लावतो. निघालोय आम्ही, दोन गाड्या आहेत."

"दादा, थांबा! तो चेहरा खरा नाही. ऐकताय का? खरा नाही तो."

"काय? इथं रेंज..."

फोन कटला. पुन्हा लागला नाही.

तिने पोलिसांना फोन करून सगळं सांगितलं. गाडी पाठवतो, म्हणाले. पण गाडी पोचेपर्यंत स्टुडिओत बसून राहणं तिला शक्य नव्हतं. तिन्ही चेहरे आणि मूळ क्लिप मोबाइलमध्ये घेऊन तिने स्कूटर काढली.

दुधिवरे खिंड उतरताना तिने दोनदा स्कूटर थांबवून फोन करून पाहिला. खाली भाताची कापणी चालू होती, खाचरांत पेंढ्यांच्या ओळी पडलेल्या. ती मनात एकच गोष्ट घोळवत होती. सकाळी 'थोडंच' म्हणायच्या ऐवजी ती 'माहीत नाही' म्हणाली असती तर?

तिकोणा पेठेत विचारायची गरज पडली नाही. देवळासमोरच्या मोकळ्या जागेत पन्नासेक माणसं गोळा झाली होती. स्कूटर तिथेच टाकून ती खांद्यांमधून वाट काढत पुढे गेली.

तुषार जमिनीवर बसवलेला होता. हात मागे तंबूच्या दोरीने बांधलेले. भुवई फुटून रक्त गालावर वाळलं होतं. आणि तो खरंच फोटोसारखा होता. तीच बारीक मिशी, तेच खोल डोळे. ऋचा क्षणभर जागच्या जागी थबकली.

वरदने त्याची कॉलर धरली होती. "माझे वडील कुठं आहेत? एवढंच सांग. बाकी मला काही नको."

"मला न्हाई ठावं, भाऊ. मी काल दिसभर हितंच हुतो. तंबू लावत हुतो. मालकाला इचारा."

"मग हे काय आहे?" काठी घेतलेल्या एका तरुणाने मोबाइल त्याच्या नाकासमोर नाचवला. तो गावातलाच, संदेश. "फोटूत तूच हायेस न्हवं?"

तुषारने फोटोकडे पाहिलं. "दिसतो माझ्यावाणी," तो हळू आवाजात म्हणाला. "पर मी न्हाई."

"वहिनी, तुमीच सांगा. ह्यो कोन?" संदेशने विचारलं.

तुषारची बायको बबिता दोन बायांच्या हातांतून सुटायला धडपडत होती. मोबाइल समोर आला आणि ती एकाएकी थांबली. एकदा फोटोकडे, एकदा नवऱ्याकडे तिने पाहिलं. ते तिचं गप्प होणं सगळ्यांनी बघितलं. काठी वर झाली.

"हा फोटो मी तयार केलाय!" ऋचा ओरडली. आपला आवाज इतका मोठा निघेल असं तिला वाटलं नव्हतं. "लोणावळ्याला माझा स्टुडिओ आहे. हा फोटो कॅमेऱ्याने काढलेला नाही. हा मशीनने बनवलाय."

वरदने वळून पाहिलं. "तू कशाला आलीस इथं?"

"हे बघा." तिने मोबाइल उंच धरला. "सकाळी हा चेहरा आला. त्याच डागावर परत मशीन चालवलं, तर हा आला. मग हा. तीन वेळा चालवलं, तीन माणसं."

मोबाइल हातोहात फिरला. कोणीतरी मागून म्हणालं, "हा दुसरा तर संदेशवाणी दिसतुया की."

"ए, काय बोलतो?" संदेश दोन पावलं मागे सरला. आजूबाजूच्या चारदोन नजरा त्याच्याकडे वळल्या होत्या, आणि त्याला ते कळलं होतं.

"मग ह्यातला खरा कुठला?" वरदने विचारलं.

"एकही नाही. कॅमेऱ्यात चेहरा आलाच नव्हता, दादा. जे नव्हतं ते मशीनने स्वतःच्या मनाने भरलं."

"सकाळी का नाही बोललीस हे?" तो तिच्या अंगावर धावून आल्यासारखा पुढे आला. "माझे वडील रात्रभर बाहेर आहेत. माझ्या हातात एवढी एकच गोष्ट होती, आणि आता तू येऊन..."

"सकाळी मलाही पुरतं कळलं नव्हतं. आता कळलंय. चेहरा सोडा. मूळ क्लिप बघा." तिने ती लावली. "नाना तुमच्याएवढेच उंच ना? मग त्यांच्या बाजूचा माणूस बघा. कुठपर्यंत येतो?"

वरद पाहत राहिला. टॉवेल गुंडाळलेलं डोकं नानांच्या खांद्यापर्यंतच पोचत होतं. सकाळपासून त्याने ती क्लिप कितीदा पाहिली असेल. पण प्रत्येक वेळी तो चेहराच शोधत होता.

"ह्यांना उभं करा," ऋचा म्हणाली.

कोणी हललं नाही. मग बबिताच पुढे झाली. नवऱ्याच्या मागे बसून तिने दाताने दोरीची गाठ सोडवली, काखेत हात घालून त्याला उठवलं. तुषार अडखळत वरदच्या शेजारी उभा राहिला. तो वरदपेक्षा दोन बोटं उंचच होता.

मग मागच्या मागे माणसं पांगायला लागली. संदेशने काठी देवळाच्या भिंतीला टेकवली, जणू ती त्याची नव्हतीच. पोलिसांची गाडी आली तेव्हा मोकळ्या जागेत थोडीच माणसं उरली होती.

वरद देवळाच्या पायरीवर बसला. "मग नाना कुठं आहेत?" एवढंच तो म्हणाला, कोणालाच उद्देशून नाही.

"दादा," ऋचा त्याच्यापुढे उकिडवी बसली, "तो माणूस नानांना सांभाळून नेत असेल तर? आपण त्याला चोर ठरवलंय. तो पुढे कसा येईल?"

वरदने मोबाइल काढला. अक्षरं चुकत होती, ती पुसून तो पुन्हा लिहीत होता. 'सकाळचा फोटो खोटा आहे. तो पुसून टाका. माझ्या वडिलांना कोणी आसरा दिला असेल तर घाबरू नका. मी हात जोडून विनंती करतो.' खाली आईचा नंबर टाकून त्याने जिथे जिथे सकाळचा फोटो पाठवला होता, तिथे तिथे ते पाठवलं.

ऋचा आणि वरद पोलिसांसोबत कामशेतला पोचले तेव्हा सरोजिनीबाईंचा फोन आला. कार्ल्याच्या डोंगरावरच्या एका वाडीतून कोणी बोललं होतं. म्हातारे आमच्याकडे आहेत, पण पोलिसांना घेऊनच या, आम्हाला भीती वाटते.

वाडीवर पोचायला चढ चढावा लागला. शेवटच्या घराचं दार लावलेलं होतं. हवालदाराने हाक मारल्यावर ते किलकिलं झालं आणि एक ठेंगणी म्हातारी बाहेर आली. लुगड्यावर पुरुषाचा चौकड्यांचा शर्ट, डोक्याला टॉवेल. भातकापणीला जाताना बायका करतात तसा वेश. तिचं नाव सावित्राबाई.

ऋचा तिच्या चेहऱ्याकडे पाहतच राहिली. सुरकुत्या, कपाळावर गोंदण, हनुवटीवर गोंदण. ह्या बाईला तिने मिशी लावली होती.

"रस्त्याच्या मधीच हुबं हुतं," सावित्राबाई सांगत होती. "गाड्या नुसत्या अंगावर यायच्या. हात धरला न् आणलं. नाव इचारलं तर म्हनत्यात, गाडी कवा हाय? मंग जेवाय घातलं. सकाळी पोलिसांकडं न्यायचंच हुतं, तर पोरगा म्हनला, आई, बाहेर पडू नगं. फोटू फिरतुया. म्हाताऱ्यासंगं जो घावंल त्याला तोडत्यात. मंग काय करनार? दार लावून बसलो."

आत नाना घोंगडीवर बसून भात खात होते. वरदने त्यांचे पाय धरले, तेव्हा त्यांनी त्याच्याकडे परक्यासारखं पाहिलं आणि सावित्राबाईला म्हणाले, "सरोज, ह्यांनाही वाढ."

नाना त्या संध्याकाळी घरी आले. तुषारला भुवईवर टाके पडले. त्याने तक्रार दिली, त्यात वरदचंही नाव होतं. वरदने ते नाकारलं नाही. तंबूवाल्या मालकाने तुषारला काही दिवस येऊ नकोस म्हणून सांगितलं. टुरिस्टांनी फोटो पाहिलाय, उगाच नको. सरोजिनीबाई मुलाला घेऊन तिकोणा पेठेला गेल्या. बबिताने पाणी दिलं, पण बसा म्हणाली नाही. सरोजिनीबाई अंगणातच बसल्या आणि तुषार बाहेर येईपर्यंत उठल्या नाहीत.

ऋचाने वडगावच्या पोलीस ठाण्यात जाऊन जबाब दिला. पुढच्या वेळी तुषारलाही बोलावलं होतं. दोघं बाहेर चहाच्या टपरीशी थांबले होते. शेजारी उभ्या असलेल्या एका माणसाने तुषारकडे पाहिलं, मान वळवली, परत पाहिलं आणि खिशातून मोबाइल काढला.

तुषारने तोंड रस्त्याकडे फिरवलं. "जाऊ द्या, ताई. किती जनांना सांगनार तुमी?"

ऋचाने हातातला ग्लास खाली ठेवला आणि त्या माणसाजवळ गेली.

"दादा," ती म्हणाली, "जरा तो फोटो दाखवता का? मला त्याबद्दल काही सांगायचंय."