डाव्या हातावर ठोका नाही

मी बीपी मोजायचं पाऱ्याचं यंत्र बोलतोय. पत्र्याची पेटी, एक पट्टा, एक रबरी फुगा. शाळेचं तोंड पाहिलं नाही. पारा चढतो, उतरतो, एवढंच शिक्षण. पण काम चोख. निदान मला तसं वाटायचं.

या दवाखान्यात मी आधी बाप डॉक्टर पाहिला, आता मुलगा. पेशंट म्हणजे एकेक नमुना. पट्टा बांधला की श्वास रोखून बसतात आणि वर विचारतात, "एवढं जास्त कसं आलं?"

मग ती शिवणकामवाली आली. पंचविशीची पोर, पण जिना चढून धापा टाकत होती. सिस्टरने तिच्या डाव्या दंडाला पट्टा गुंडाळला, फुगा दाबला, नळी कानाला लावली. ठोकाच नाही!

"डॉक्टर, हा म्हातारा गेला कामातून."

"फुगा बदल."

नवा फुगा आला. तरी चिडीचूप.

"उजव्यावर घे आणि मोकळी हो."

उजव्यावर ठोके खणखणीत. मी चक्रावलो. एकाच बाईचे दोन हात, आणि असं? माझंच डोकं फिरलं असावं.

तिला दम्याचं औषध दिलं, मला कपाटावर टाकलं. औषधाचा गुण काही येईना. पुढे पोरीच्या खोकल्यातून रक्त पडलं, तेव्हा ती आईला घेऊन आली. नव्या बॅटरीवाल्या यंत्रानेही डाव्या हातावर नुसतं 'एरर' दाखवलं.

"अगं बाई, हेही बिघडलं?" सिस्टर म्हणाली.

तेव्हा कुठे डॉक्टरने तिचं डावं मनगट धरलं. इकडे चाचपलं, तिकडे चाचपलं, नाडी लागेना. तोंड उतरलं त्याचं. "हात दुखतो का गं?"

"दिवसभर मशीन चालवते, दुखणारच की!"

मोठ्या हॉस्पिटलात तपासण्या झाल्या. रक्तवाहिन्यांना सूज होती. डाव्या हाताची वाहिनी अरुंद झालेली, म्हणून ठोका पोचत नव्हता; फुप्फुसाकडे जाणाऱ्याही तशाच. दमा नव्हताच. रोगांशी लढणारे शरीराचे राखणदारच शरीरावर उलटले, म्हणे. कुंपणानेच शेत खाल्लं! का, ते डॉक्टरलाही सांगता येईना. मग मला काय कळणार, कप्पाळ? आई आपली विचारतेय, "पण हिने असं खाल्लं तरी काय?"

मला परत टेबलावर घेतलंय. गोळ्यांनी पोरीचा चेहरा सुजलाय, पण धाप कमी झालीय. डावा हात मात्र अजून मुका. "आज तरी?" ती विचारते. सिस्टर मान हलवते. मग पोर माझ्याकडे असं बघते, जणू ठोका मीच गिळलाय.

एवढंच सांगतो. दोन्ही हात मोजा. मी गप्प बसलो तर आधी माणसाची नाडी बघा, मग मला शिव्या द्या. मी कुठे पळून चाललोय?