खंडेनवमीची चिंच

जासिमने पांढरा झगा गुडघ्यांपर्यंत सावरला, गालिच्यावर बसकण मारली आणि खणाच्या मुठीवरून अंगठा फिरवला. मग उठून कपाटाच्या संगमरवरी माथ्याशी डोळे नेऊन तो तिरपा बघू लागला. लालसर दगडाची तकाकी पाच-सहा ठिकाणी उडाली होती आणि तिथे पांढुरके, खरखरीत डाग पडले होते.

“सिस्टर, ये किसने किया?”

कुसुम त्याच्या आईच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळत होती. तिने फुगा दाबला, पारा चढताना पाहिला आणि तो किती चढला हेच तिला कळलं नाही.

“मालूम नहीं, साहब.”

म्हातारीने उशीवरून तिच्याकडे रोखून पाहिलं. झटक्यानंतर तिची वाचा गेली होती, नाहीतर तिथेच बिंग फुटलं असतं.

जासिमचं लहानपण मुंबईत, बापाच्या मोत्यांच्या पेढीवर गेलेलं. त्यामुळे त्याचं हिंदी फर्डं होतं आणि कुसुमला त्याच्या फर्निचरचं पुराण तोंडपाठ झालं होतं. आईच्या खोलीसाठी त्याने हा जुना संच पॅरिसहून इथे आखातात, सलव्याच्या घरी आणला होता. पलंग, उशालगतची दोन मेजं आणि हे पोट पुढे काढून उभं राहिलेलं कपाट. पंधराव्या लुईच्या काळची घडण, म्हणून सरळ रेघ औषधालाही नाही, पायसुद्धा वाकडे. पुढे लोकांना त्या वळणांचा वीट आला आणि सोळाव्या लुईच्या वेळी पाय सरळसोट झाले. मुठींवरचा मुलामा पाऱ्यात सोनं कालवून दिलेला. ते काम करणारे कारागीर पाऱ्याच्या वाफेने अकाली मरत. फ्रेंच लोक या कपाटाला कमोड म्हणतात हे ऐकल्यावर मात्र, निम्मं आयुष्य बेडपॅन उचलण्यात गेलेल्या कुसुमला हसू आवरलं नव्हतं.

आता हसू कुठलं! परवा खंडेनवमी होती. तिकडे गुहागरला या दिवसांत घरातलं झाडून सगळं पितळ चिंच-मिठाने घासून निघतं. समोर काळवंडलेल्या मुठी, साहेब घरात नाहीत, आणि कुसुमला रिकामं बसणं जन्मात जमलेलं नाही. स्वयंपाकीण फखरुन्निसाकडून तिने चिंचेचा गोळा मागून आणला, कोळ केला, वाटी कपाटावरच ठेवली आणि पदर खोचला. मुठी लखलखल्या तेव्हा तिला क्षणभर घरी असल्यासारखं वाटलं. सोनं चिंधीवर उतरलं होतं आणि वाटीतून सांडलेले थेंब दगड खात होते, हे तिला फार उशिरा दिसलं.

जासिमने कोरीवकामात अडकलेली चिंचेची एक शीर नखाने ओढून काढली, हुंगली आणि तो तडक खाली गेला. स्वयंपाकघरातून त्याचा चढलेला आवाज आला.

“बावर्चन का काम है,” परत येऊन तो म्हणाला. “इमली और किसके पास? शुक्रवार के प्लेन से उसको हैदराबाद भेज रहा हूँ.”

कुसुमने मान हलवली. का हलवली ते देव जाणे.

दुपारभर तिला एका जागी बसवेना. ती खिडकीशी गेली, दाराशी आली, औषधाच्या बाटल्या एका मेजावरून दुसऱ्यावर मांडल्या आणि पुन्हा होत्या तिथे नेऊन ठेवल्या. म्हातारीची कूस तिने इतक्या वेळा बदलली की शेवटी म्हातारीनेच कण्हत तिचा हात झिडकारला. नवरा जयराम कामाला होता ती गिरणी संपात बंद पडली ती पडलीच; घरची चूल कुसुमच्या पगारावर पेटत होती आणि कुसुमचा व्हिसा जासिमच्या नावावर होता. बोललं तर त्या चुलीत पाणी, न बोललं तर एका गरिबाच्या पोटावर पाय. तिला स्वतःची लाज वाटत होती. दिवे लागायच्या सुमारास तिने मनाचा हिय्या केला. साहेबाला सगळं सांगायचं. पण आधी जाऊन फखरुन्निसाची माफी मागायची.

फखरुन्निसा आपल्या खोलीत ट्रंक भरत होती.

“आपा, इमली मैंने लगाई थी. मैं साहब को बोलने जा रही हूँ.”

फखरुन्निसाच्या हातातली ओढणी गळाली. तिने धावत जाऊन दार लावलं आणि ती त्याला पाठ टेकून उभी राहिली.

“नक्को, सिस्टर! अल्ला के वास्ते नक्को बोलो.”

“पर मेरे लिए तुमको सजा क्यों?”

“कायकी सजा? साहब पूछे, तू लगाई क्या? मैं हौ बोल दी.” तिचा श्वास लागला होता. “तीन साल से छुट्टी माँग रई मैं. अम्मा को अच्छा होने दे, बोलते. पासपोर्ट उनोंच रख लिये थे. मेरी बच्ची मेरे कू फोटो देख के पहचानती. और आज साहब अपने हाथ से दिये.”

तिने झंपरात हात घालून पासपोर्ट काढला, कुसुमला दाखवला आणि लगेच पुन्हा आत ठेवला.

“तुम बोले तो मेरा जाना रुकता, सिस्टर.”

कुसुमचा स्वतःचा पासपोर्ट जासिमच्या तिजोरीत होता. तिला फखरुन्निसाचा हेवा वाटला, आणि त्या हेव्याची लाज दुपारच्या लाजेहून मोठी होती. खाली जासिमची गाडी फाटकात वळल्याचा आवाज आला. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

फखरुन्निसा पुन्हा ट्रंकेपाशी वाकली. ट्रंक इतकी गच्च भरली होती की कडी लागेना. कुसुमने दाराकडे पाठ फिरवली आणि ती पुढे होऊन झाकणावर बसली.

“दबाव,” फखरुन्निसा कडी ओढत पुटपुटली. “और दबाव.”