गळती दिसली की बंद

मंगरूळपीरच्या बस स्टँडमागे फय्याजचं गॅस-शेगड्या दुरुस्तीचं दुकान आहे. पाटीवर ठळक अक्षरांत लिहिलंय, 'गळती दिसली की बंद'. नळी असो की रेग्युलेटर, फय्याज आधी साबणाचा फेस लावतो आणि बुडबुडा दिसला रे दिसला की त्याच्यावर तुटून पडतो. अख्ख्या बाजाराच्या शेगड्या त्याच्या हाताखालून गेल्या आहेत. एकीलाच तेवढी आता हात लावायची त्याला बंदी, आणि ती नेमकी त्याच्या स्वतःच्या घरातली.

त्याचं असं झालं, मागे एका ईदला त्यानं घरच्या शेगडीची गळती बंद केली. इतकी पक्की केली की बर्नरपर्यंत गॅसच पोचेना. पाहुणे दिवाणखान्यात ताटकळत बसले आणि शीरखुर्म्याचं दूध कच्चंच राहिलं. त्या दिवसापासून त्याच्या बायकोनं, सबिहानं, त्याला शेगडीजवळ फिरकू दिलं नाही. काही बिघडलं की ती समोरच्या गल्लीतल्या अशफाकला बोलावते. हा अशफाक हातात पाना नाचवत फय्याजच्या दुकानावरून जातो आणि वर सलामही ठोकतो. सांगा, माणसानं तोंड लपवावं तरी कुठं?

अशात एक दिवस पंजाबराव दुकानात आले. तलावावरच्या मच्छीमार संस्थेचे ते अध्यक्ष. संस्थेला मोटरबोट मिळाली होती आणि पंजाबरावांनी टूम काढली होती की लोकांना बोटीतून तलावाच्या मधोमध न्यायचं आणि तिथं गरमागरम चहा पाजायचा.

"फय्याजभाई, बोटीवरची शेगडी पाहून दे. अन् इंजिनाचीबी सर्व्हिसिंग करून टाक."

"इंजिनाची?"

"मशीनच हाय ना बाप्पा! तुले त्यात काय नवं हाय?"

बोटीचं इंजिन फय्याजनं जन्मात पाहिलं नव्हतं. पण त्याच्या डोळ्यांपुढे वेगळंच चित्र उभं राहिलं. बोटीत सबिहा बसली आहे, काठावर लोक पाहताहेत, आणि घरी परतल्यावर सबिहा स्वतःच म्हणते आहे, घ्या, आजपासून शेगडी तुमची. तो लगेच हो म्हणाला.

शेगडीचं काम चुटकीसरशी झालं. मग तो बोटीच्या मागं टांगलेल्या इंजिनाकडे वळला. चालू करून पाहतो तर बाजूच्या भोकातून पाण्याची बारीक धार! फय्याजला हर्ष झाला. त्यानं इंजिन बंद केलं, एम-सील मळलं आणि भोक बुजवून टाकलं. मग इंजिन वर उचललं, तर खाली चक्क एक जाळी, पाण्याला आत शिरायला मोकळं रान. असलं भोंगळ इंजिन बनवणाऱ्याची कीव करत त्यानं तीही लिंपली आणि सगळं रात्रभर वाळू दिलं.

दुसऱ्या दिवशी सबिहा कुरकुरतच बोटीत बसली. काठावर पंजाबराव आणि संस्थेची मंडळी जमली होती. फय्याजनं छाती फुगवून बोट सोडली. बोट तलावाच्या मध्यावर पोचली आणि इंजिन पीं पीं करायला लागलं.

"अजी, हे काय वाजून राह्यलं?"

"हॉर्न हाय."

"अन् हा धूर कायचा हाय?"

फय्याज मागं वळेपर्यंत इंजिन गचकन बंद पडलं. हात लावला तर सणसणीत चटका बसला. तेवढ्यात फोन वाजला. पंजाबरावांचा आवाज असा की फोन नसता तरी ऐकू आला असता.

"फय्याजभाई, रोज ही बोट मागून मुतते. आज काहून नाई मुतून राह्यली?"

"मुतते?"

"अरे, तलावाचं पाणी खालून पेते, इंजिन थंडं करते अन् बाजूनं मुतते! ते तुंबलं का इंजिन खलास!"

फय्याजच्या तोंडचं पाणी पळालं. इंजिनातलं त्यानं आधीच पळवलं होतं. आता अशफाक सलाम करणार नाही, सरळ खो खो हसत जाईल, असं त्याला वाटलं आणि खरंच रडू यायला लागलं. सबिहानं त्याच्याकडे एकवार पाहिलं आणि फोन काढून घेतला.

"पंजाबरावभाऊ, इंजिन मीच बंद करायले लावलं. चहा प्यायचा हाय ना मले. बंद इंजिन मुतते का कधी?"

"अन् धूर, भाबी?"

"चहाचा."

फोन ठेवून तिनं फय्याजच्या हातात साखरेचा चमचा दिला. त्यानं इंजिन वर उचललं आणि चमच्याच्या दांड्यानं लिंपणाचे टवके काढायला बसला. बोटीच्या पुढच्या टोकाला सबिहानं शेगडी पेटवली. निळी, सरळ ज्योत आली. चहा झाला, पिऊन झाला, इंजिन निवलं. फय्याजनं ते पुन्हा पाण्यात सोडलं आणि अल्लाचं नाव घेऊन दोरी ओढली. इंजिन खोकलं, थरथरलं आणि बाजूनं झकास धार लागली. काठावर टाळ्या पडल्या. बोट काठाला लागताच पंजाबरावांनी तर त्याला मिठीच मारली.

घरी जाताना स्कूटरवर फय्याज तरंगत होता. अशी बायको नशिबानं मिळते, असं त्यानं मनात दहादा म्हटलं. शेवटी धीर करून विचारलंच.

"सबिहा, मंग उद्या घरची शेगडी पाहू का?"

सबिहानं मागून त्याचा खांदा प्रेमानं थोपटला.

"तुमची इज्जत माह्याकडं हाय. शेगडी अशफाकभाईकडंच राहू द्या."