माझ्या अंगावरचा हाताचा डाग

मित्रांनो, शिशाचा एक जुना ठोकळा म्हणजे मी. रंगाने काळपट, वजनाला भारी आणि कामाला म्हणाल, तर एका जागी गप्प बसणं. तरी माझी ऐट काही कमी नाही.

पूर्वी मी एका इमारतीच्या छपरावरचा पत्रा होतो. तीनशे वर्षं ऊनपाऊस खाल्ला. नव्या शिशातून थोडे थोडे किरण निघत राहतात. माझ्यातले तेवढ्या काळात जवळपास विझून गेले. म्हणून तर मला वितळवून ठोकळा केला आणि जमिनीखालच्या प्रयोगशाळेत आणलं. तिथलं यंत्र न्यूट्रिनो नावाच्या इवल्याशा कणाच्या वजनाचा माग काढतं. त्याची खरी खूण वर्षाकाठी एखादी मिळाली तरी नशीब. इकडच्या-तिकडच्या किरणांनी होणाऱ्या उपऱ्या नोंदींची गर्दी मात्र फार. ती अडवायला आम्ही ठोकळे यंत्राभोवती भिंत करून उभे असतो.

एकदा आमची भिंत नव्याने रचली आणि महिन्याभरात उपऱ्या नोंदी वाढल्या. प्रयोगशाळेचे साहेब वैतागले.

"हे जुनं शिसंच खराब निघालं. भंगारात काढा."

माझं धाबं दणाणलं. तीनशे वर्षं टिकलो, ते यासाठी?

पण संशोधन करणारी ताई म्हणाली, "थांबा साहेब. या नोंदी आल्या कुठून, ते तरी बघू." तीन दिवस ती एकेका नोंदीची ऊर्जा तपासत बसली. मग म्हणाली, "यात शिशाचा दोष नाही. हे पोटॅशियम आहे, घामात असतं ते, त्यातूनही किरण निघतात. कुणाचा उघडा हात लागला का?"

हातमोज्यांवरून रोज सगळ्यांना ओरडणारे, ठोकळे बसवणारे फिटरकाका, त्यांनीच मान खाली घातली.

"माझा लागला, ताई. ठोकळा मोज्यातून निसटत होता. यंत्रावर पडला असता. म्हणून मोजा काढून धरला. तो कोपऱ्यातला."

कोपऱ्यातला म्हणजे मीच. "धुऊन परत लावा," साहेब एवढंच म्हणाले. काकांनी दोन-दोन मोजे चढवून मला आम्लाने धुतलं. नोंदी खाली उतरल्या.

न्यूट्रिनोचं वजन अजून कळलेलं नाही, पण मी माझ्या जागेवर आहे. ताईचे उपकार आहेतच. काकांचे त्याहून जास्त, कारण गप्प राहिले असते तर त्यांना कोण विचारणार होतं?

मित्रांनो, एखादी जुनी वस्तू टाकायला निघालात, तर तिच्यावरचा डाग कुणाच्या हाताचा आहे, तेवढं आधी बघा. आणि आपलाच निघाला, तर काकांसारखं सांगून टाका.