नातं आठवतं का?

आमच्या बेटावर एक्केचाळीस घरं आहेत आणि जोडे शिवणाऱ्याकडे लाकडी पावलं तीनच. लहान, मधलं आणि मोठं. माप घ्यायला तो कुणाला बोलावत नाही. वय विचारतो आणि जोडा हातात देतो. जोडा चावतो अशी तक्रार घेऊन आजवर कुणी गेलेलं नाही.

मी इथल्या शाळेत पन्नास वर्षं शिकवतो आहे. फळ्याकडे तोंड करून प्रश्न विचारला, तर उत्तर कुणी दिलं हे वळून पाहिल्याशिवाय कळत नाही, इतके मुलांचे आवाज सारखे. मुलं त्याचा फायदा घेतात, मीही हसून सोडून देतो. दोरघरापाशी मात्र हसू येत नाही. बारा-तेराव्या वर्षी काही मुलांची नजर मंदावते आणि वर्षभरात विझते. मग ती मिठागराच्या काठावरच्या त्या लांब पडवीत जाऊन बसतात आणि हाताने चाचपत दोर वळतात. मी शाळेत लागलो तेव्हा तिथे दोघं होती, आज एकोणीस आहेत. माझा नातू त्यांतलाच एक. त्याच्या शेजारी सुताराची थोरली बसते. लोक म्हणतात, मिठाची चमक डोळे खाते. मिठागरात कधी पाऊल न टाकलेली मुलंही तिथे आहेत, पण त्यावर कुणी बोलत नाही.

लग्न ठरलं की सभागृहात सारं गाव जमतं आणि सुईण तीनदा विचारते, या दोघांचं नातं कुणाला आठवतं का? कुणी बोललं नाही, तर नातं नाही. म्हणून म्हातारं माणूस गेलं की त्याचं नाव घरात काढत नाहीत. पणजोबा कोण, असं पोरांनी विचारलं तर त्यांना दटावतात.

माझ्या नातीचं सुताराच्या धाकट्याशी ठरलं. मुलगा लाखात एक, आणि दोघांचा एकमेकांवर जीव. सुताराने माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, नशीब गुरुजी, आपण दोघंही विसरभोळे, नाहीतर पोरं बिनलग्नाची राहिली असती.

त्याच आठवड्यात मी वर्गाला एक धडा दिला. आई-बाप दोन, त्यांचे आई-बाप चार, मग आठ, मग सोळा. असं प्रत्येकाने आपल्या घराण्याचं झाड काढायचं. घरी विचारायचं नाही, मिठागराच्या जुन्या हजेरीपुस्तकांत नावासमोर आई-बापांची नावं असतात, ती शोधायची. मुलांनी मन लावून शोधली. चारच्या ओळीपर्यंत ठीक होतं. आठच्या ओळीत नावं सहाच भरली, सोळाच्या ओळीत सात. त्याच्याही वर सगळ्यांच्या कागदांवर तीच पाच माणसं होती.

मागच्या बाकावरची एक मुलगी घाबरून म्हणाली, "गुरुजी, मी कुणाचं बघून नाही लिहिलं."

मी तिला जवळ घेतलं आणि बटणांचा डबा काढला. आईच्या खिशातलं एक बटण आणि बापाच्या खिशातलं एक, अशी दोन आपल्याला मिळतात. एक जरी पांढरं असलं तरी डोळे शाबूत राहतात. दोन्ही काळी आली, तर दोरघर. काळं बटण पांढऱ्याच्या आड पिढ्यान्‌पिढ्या लपून चालतं. माणसं पुष्कळ असली तर तसंच दुसरं क्वचित भेटतं, थोडी असली तर तेच बटण दोन्ही खिशांतून परत येतं. बोलता बोलता मी दोन काळी बटणं शेजारी शेजारी ठेवली. नातीचा भाऊ दोरघरात होता आणि सुताराच्या धाकट्याची बहीणही.

ठरल्या दिवशी सकाळी सभागृह भरलं. दोरघरातली मंडळी शेवटच्या बाकांवर होती. सुईणीने एकदा विचारलं, दुसऱ्यांदा विचारलं. तिसऱ्यांदा मी उठलो.

"मला आठवतं."

आठवतं म्हणणाऱ्याने नातं सांगावं लागतं. मुलाची पणजी आणि मुलीचे पणजोबा सख्खी भावंडं, इथून मी सुरुवात केली आणि दोन पिढ्या वर जाऊन अडखळलो. तेवढ्यात मागून माझ्या नातवाने पुढचं नाव घेतलं. तो थांबला तिथे सुताराच्या थोरलीने उचललं, मग तिच्या पलीकडच्याने. एकोणीस तोंडं, आवाज एकच. सांधा कुठे कळेना. दिवसभर हात दोरात आणि ओठांवर दोरघरातल्या जुन्यांकडून आलेली नावं, इतकी वर्षं त्यांनी हेच केलं होतं. त्यांना कुणी कधी विचारलं नव्हतं, एवढंच.

सुतार पुटपुटला, "म्हणजे आमचंही..." बायकोने त्याची बाही ओढली.

सुईण दोन पावलं पुढे आली. पूर्वी कधी न विचारलेलं तिने विचारलं. "या मुलीशी ज्याचं नातं नाही, त्याने बसून राहावं."

बाकं करकरली. एकेक करून सगळे उठले आणि एकही जण बसलेला राहिला नाही. नातीने सभोवार पाहिलं. जिकडे वळेल तिकडे माझं नाक आणि तिची हनुवटी.

मीठ नेणारी बोट तिसऱ्या दिवशी आली. एकाच माणसाची जागा होती. नातीची पेटी धक्क्यापर्यंत त्या मुलानेच वाहिली आणि बोट दिसेनाशी होईपर्यंत तो उभा राहिला. पुढच्या बोटीने तूही जाशील ना, असं मी त्याला विचारलं.

"जाईन, आजोबा," तो म्हणाला. "पण दुसऱ्या बंदराला. एका गावात राहिलो, तर आम्हीही विसरू."