आपाच्या दातांचं माप

चार वर्षं उमुताय एकाच दिवसाकडे डोळे लावून बसली होती. तिच्या आईला, म्हणजे तिच्या आपाला, पुढचे सहा दात नव्हते. लेक बिश्केकच्या दंतवैद्यक कॉलेजात शिकत असताना ते दुसऱ्या कोणी बसवायचे, हे दोघींनाही मंजूर नव्हतं. आत-बाशी गावातले शेजारी चिडवायचे, "लेकीचं शिक्षण होईस्तोवर गवऱ्या मसणात जातील तुझ्या!" आई हसायची आणि पाव चहात बुडवून खायची.

आज ती सहा तास गाडीत आदळत आली होती. परवा परतायचं होतं, मेंढ्या व्यायला झाल्या होत्या.

जबड्याचं माप घ्यायला उमुतायनं रबरी हातमोजे चढवले, आणि पाच मिनिटांत तिचे डोळे सुजले, मानेवर गांधी उठल्या, शिंका थांबेनात. हातांना महिनाभर खाज होतीच. ती तिनं थंडीवर ढकलली होती. डोकं कुठे गहाण ठेवलं होतं कोण जाणे!

राखात एजे, म्हणजे तिच्या शिक्षिका, धावत आल्या. त्यांनी मोजे ओढून काढले. आतले हात लालबुंद, फुटलेले आणि तुकतुकीत.

"हे काय चोपडलंयस?"

"मेंढीच्या शेपटीची चरबी. आपानं पाठवलेली. खाज वाढली तशी मी जास्त लावत गेले."

"धन्य आहेस बाई! रबर बाधतंय तुला, आणि वर चरबी? रबरातलं नको ते सगळं तिनं कातडीत उतरतं. आधी बाहेर हो. या मोज्यांची भुकटीसुद्धा नाकात जायला नको. बिनरबरी मोजे एप्रिलमध्ये येतील, मग बघू."

आईचा चेहरा उतरला. "मीच पाठवली ना गं ती."

उमुताय काचेच्या दाराबाहेर उभी राहिली. आत तिचा वर्गमित्र एल्दियार मोजे चढवत होता.

"घाबरू नका, आपा. माझा हात फक्त परीक्षेत थरथरतो. करा बघू आ."

आईनं ओठ घट्ट मिटले. मग म्हणाली, "माझी लेक करेल. इतकी वर्षं थांबले, अजून थांबते."

थांब, आपा, थांबच, असं उमुतायच्या अगदी ओठांवर आलं. त्या तोंडात पहिला हात तिचाच हवा होता. इतकं तिला आयुष्यात काही हवंसं वाटलं नव्हतं. पण एप्रिलमध्ये कोकरं, मग वरची कुरणं. आई खाली उतरायची ती थेट बर्फाच्या तोंडावर. म्हणजे आणखी जवळजवळ वर्षभर चहात बुडवलेला पाव.

तिनं दार बोटभर उघडलं.

"आपा, तोंड उघड."

"तू येतेस का मग?"

"नाही. तू उघड."

लेकीकडेच बघत आईनं तोंड उघडलं. एल्दियारची बोटं आत गेली. तो काम अगदी नीट करत होता, आणि उमुतायला त्याचाच राग येत होता.